ज्वारांच्या सुनेची मुलाखत

१४ एप्रिल, मंगळवार

कढईत पिठाच्या फुगीर ग्विन्या तळणाऱ्या बाईनं आज पुन्हा विचारलं, "लुखान्यो, सुट्ट्या लागल्या वाटतं विद्यापीठाला?"

ऑक्टोबरपासून सुट्ट्याच लागल्यात मला. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे की मी दुसऱ्या वर्षाला पोर्ट एलिझाबेथ सोडून आलो. मास्तरनं भर वर्गात माझ्या उच्चारांची नक्कल केली, मी उठलो, बस पकडली, संपलं. तरी विचारतात, कारण विचारण्यातच मजा आहे. आईनं माझी बॅग अजून रिकामी केलेली नाही. ती कपाटावर ठेवलीय आणि रोज फडक्यानं पुसते. एक दिवस ती बॅग मी नदीत फेकणार आहे.

काम ठीक आहे. सभागृहाच्या मागे लोखंडी कंटेनर, त्याला कापून केलेली खिडकी, खिडकीवर पाटी: 'नोकरी मदत केंद्र'. मी लोकांचे अर्ज लिहितो, मुलाखतीची तालीम घेतो. सभागृहात संध्याकाळी मोठ्या माणसांची मॅट्रिकची शाळा भरते, आणि तिथं गणित शिकवते झिमासा. हे काम मी का धरलं ते इथंच लिहितो, दुसरीकडे कुठं लिहिणार? पत्र्याला कान लावला की तिचा आवाज येतो. आज अपूर्णांक होते.

१६ एप्रिल, गुरुवार

वर्ग सुटून सगळे गेले की वांडिले येतो. संत्र्यांच्या पॅकहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. कंपनीचं हिरवं जाकीट, चेन गळ्यापर्यंत लावलेली, जणू कारखाना याच्या बापाचा. आत गेला की दार लावून घेतात.

आज मी डिंक मागायच्या निमित्तानं सरळ आत शिरलो. वांडिलेनं झटकन कागदावर हात ठेवला. बोटांना शाई, कपाळाला घाम. प्रेमपत्र! तिच्याच समोर बसून लिहितोय, आणि तीही वाट बघत बसलीय, हातात खोडरबर घेऊन!

झिमासा म्हणाली, "भाऊ, दार वाजवत जा."

भाऊ. त्याच्यासमोर.

डिंक न घेताच आलो.

२३ एप्रिल, गुरुवार

नोलुसापो मावशी आली होती. झिमासाच्या वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. चाळिशी ओलांडलेली, हातांना संत्र्याच्या सालीचा वास कायमचा चिकटलेला. किती हंगाम तिनं पॅकहाऊसच्या पट्ट्याशी उभं राहून फळं भरली, देव जाणे. दर हंगामाला नवा करार, हंगाम संपला की घरी बस.

आता फळं तपासणाऱ्याची कायम जागा निघालीय. मॅट्रिक पाहिजे. मावशीचे सगळे विषय झालेत, गणित तेवढं राहिलंय, ते जूनमध्ये. परीक्षेला बसलेला माणूसही चालेल असं म्हणतात.

"मिळाली तर बरं," मावशी म्हणाली. "नाहीतर सप्टेंबरात सेंटानेला जावं लागेल."

"फिरायला?"

"सासरी. दीर दोनदा येऊन गेला. म्हणतो, भाऊ मेला, सून शहराकडे कशाला? म्हातारीकडे कोण बघणार? कायमची नोकरी असेल तर आम्ही काही म्हणणार नाही, म्हणाला. हंगामी कामाला ते काम समजत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. मेलेल्या नवऱ्याच्या घरची भांडी घासायला हिनं जायचं, आणि का, तर लग्नात हिला नवं नाव दिलं म्हणून! नोलुसापो हेसुद्धा त्यांनीच ठेवलेलं नाव. मी म्हटलं, "मावशी, ही जागा तुला मिळवून देतो. तुझ्या दिराला पत्र मीच लिहीन."

ती हसली. "पत्र नको रे. तुझ्या पत्रानं युद्ध होईल."

२८ एप्रिल, मंगळवार

तालीम. मावशी कंटेनरमध्ये आली ती वाकून, आणि आल्या आल्या बाकाच्या टोकाला बसली, नजर जमिनीवर. आपल्याकडे मोठ्यांसमोर उभं राहणं उद्धट, म्हणून बसायचं. डोळ्यांत बघणं त्याहून उद्धट, म्हणून खाली बघायचं. आणि गोरा साहेब वहीत लिहितो: न विचारता बसली, नजर चोरते, काहीतरी लपवते. असे किती जण मी घरी परत आलेले पाहिलेत!

"ऊठ," मी म्हटलं. "बस म्हणेपर्यंत उभं राहायचं. हात घट्ट मिळवायचा. डोळ्यांत बघायचं. माझ्या बघ. अजून. पापणी कशाला लवतेय?"

"तू माझ्या मुलाच्या वयाचा, तुझ्याकडे बघेन की. पण तिथं मंगालिसो ताता असले तर?"

मंगालिसो ताता म्हणजे पॅकहाऊसमध्ये माणसं घेणारा म्हातारा. साहेबाच्या शेजारी बसतो.

"असले तर असले."

"ते ज्वारा कुळाचे आहेत. माझा नवराही ज्वारा होता. म्हणजे मला ते..."

"मावशी, तिथं ज्वारा-बिवारा काही नसतं. तिथं टेबल असतं आणि टेबलापलीकडे माणूस असतो. प्रत्येकाला गोरा साहेब समज आणि बघ."

 ती तीन वेळा उठली, तीन वेळा आत आली, तीन वेळा माझ्याकडे रोखून बघितलं. शेवटच्या वेळी मलाच नजर वळवावी लागली. एवढं छान जमलं!

पत्र्यापलीकडून झिमासाचा आवाज: "कोणावर ओरडतोयस?"

ओरडत नव्हतो. शिकवत होतो.

५ मे, मंगळवार

इतकं दाबून लिहितोय की कागद फाटतोय.

मावशी दुपारी आली, मुलाखत देऊन. म्हणाली, साहेबानं काम विचारलं, तिनं बघत उत्तर दिलं. मग मंगालिसो तातानं विचारलं, थंडीनं भाजलेलं फळ आणि घासलेलं फळ यात फरक काय. तिनं मान वर केली, त्याच्या डोळ्यांत बघितलं, जसं मी सांगितलं तसं. म्हाताऱ्यानं पेन खाली ठेवलं, टोपी उचलली आणि उठून बाहेर गेला! उत्तर न ऐकता! साहेबानं अजून दोन प्रश्न विचारले आणि 'कळवू' म्हणाला.

कळवू! म्हणजे काय ते मला माहीत आहे. आपल्यातलीच बाई मान वर करून बोलली तर आपल्यातल्याच म्हाताऱ्याला सहन झालं नाही. गोऱ्यासमोर हे लोक गोगलगाय आणि आपल्या बायांसमोर राजे.

मावशी म्हणाली, "लुखान्यो, एक सांगायचं राहिलं, टोपी..."

मी म्हटलं, "खड्ड्यात गेली त्याची टोपी!" आणि बाहेर पडलो. दार आपटलं ते जरा जास्तच. पाटी पडली.

६ मे, बुधवार

केलं. बरं वाटतंय.

दुपारी पाळी बदलताना पॅकहाऊसच्या फाटकावर गेलो. आत जाणारे आणि बाहेर येणारे, सगळी गर्दी. मंगालिसो ताता टोपी घालून, हातात दप्तर घेऊन आला. मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं: "ज्वारांचे वडीलधारे ना तुम्ही? साहेबाच्या दारातलं कुत्रं आहात! विधवेच्या पोटावर पाय देताना शेपूट हलते तुमची!"

 बायांनी तोंडावर हात नेले. वॉचमननं माझी कॉलर धरून रस्त्यावर ढकललं. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला आणि निघून गेला. लाजला असेल.

वांडिले फोर्कलिफ्टवरून बघत होता. आता जाऊन सांग म्हणावं तिला, लुखान्यो कोणाला घाबरत नाही.

७ मे, गुरुवार

त्यानं सांगितलं. ती आली. मला वाटलं होतं...

जाऊ दे काय वाटलं होतं ते. झिमासानं कंटेनरचं दार मागे लावलं आणि इतक्या हळू आवाजात बोलली की ओरडली असती तर बरं झालं असतं.

"फाटकावर पाटी लागलीय. नोकरी केंद्राच्या माणसाला आत सोडायचं नाही. पुढच्या आठवड्याच्या मुलाखतींसाठी तू ज्यांचे अर्ज दिलेस त्या सगळ्यांना आता तिथं कोण घेऊन जाणार?"

"मी मावशीसाठी बोललो."

"मावशीनं सांगितलं होतं बोलायला?"

"कुणीतरी बोलायला हवं होतं ना! तू इथं बसून पोरकट पत्रं तपासतेस..."

"कसली पत्रं?"

"मला सगळं माहीत आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं, फळ्यावर चुकलेल्या गणिताकडे बघते तसं. "लोकांची बस सुटते, लुखान्यो. तू प्रत्येक वेळी चालत्या बसमधून स्वतः उडी मारतोस आणि ड्रायव्हरला शिव्या देतोस."

तिचं हे वाक्य मी वहीत लिहून खोडतोय, पुन्हा लिहितोय. दोन तास झाले.

८ मे, शुक्रवार

मावशी आली. पडलेली पाटी तिनंच पुन्हा खिळ्याला लावली, मग आत येऊन बसली.

"टोपीचं सांगायचं होतं," म्हणाली. "ते रागानं नाही उठले. नवऱ्याच्या कुळातले वडीलधारे म्हणजे मला सासरेच. सासरा खोलीत असला की सुनेची मान खाली. सुनेला बोलायचं असलं की सासरा टोपी घेऊन बाहेर जातो, तिला मोकळं करायला. माझ्या लग्नानंतर माझे सासरे रोज जेवताना असेच उठायचे, मला पोटभर जेवता यावं म्हणून. मी चुकून त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी मला सावरून घेतलं. ते गेल्यावर मी साहेबाला थंडीचं उत्तर दिलं. नीट दिलं."

"मग मंगळवारी सांगितलं का नाहीस?"

"तू थांबलास?"

मी टेबलावरचे अर्ज उगाच सारखे केले.

"त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात त्यांनी निरोप ठेवला होता, शुक्रवारी दुसरा माणूस बसवून पुन्हा बोलावतो. शुक्रवार म्हणजे आज. आज कोणी बोलावलं नाही."

मला तिचा राग आला. इतका शांत चेहरा! थोडी ओरडली असती, एखादी थोबाडीत मारली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

"आता काय?" मी विचारलं.

"आता माणूस पाठवायचा. मला त्यांच्याशी बोलता येत नाही, माझ्या वतीनं कोणीतरी जायचं. वर्गातल्या म्हाताऱ्याला पाठवणार होते. मग विचार केला, जे तोंड फाटकावर उघडलं, तेच जाऊ दे."

"मी? त्या म्हाताऱ्याच्या पाया पडू?"

"पाया नाही पडायचं. उद्या त्यांच्या घरी जा, कारखान्यात नाही. ब्रँडीची बाटली ने. फाटकाशी थांब, बोलावलं की आत जा, खुर्ची दिली तरी चटईवर बस. नजर त्यांच्या बुटांच्या वर न्यायची नाही. बाटली पुढे ठेवून म्हण, ही तोंड उघडायला आणलीय. आणि मग तोंड कमी उघड."

मी म्हटलं, मरेन पण जाणार नाही.

"बरं," म्हणाली. "मग मी सेंटानेच्या बसची चौकशी करते." आणि खरंच उठली.

९ मे, शनिवार

गेलो.

फाटकाशी उभं केलं म्हाताऱ्यानं. तो कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकत होता, मला बघून आणखी सावकाश ठोकू लागला. शेजारच्या बायका धुणं घालायला बाहेर आल्या. वाळलेलं धुणं पुन्हा घातलं एकीनं, मी बघितलं.

मग आवाज आला. "कोण आहे? फाटकावर कोणी ओरडत नाहीये म्हणजे ओळखीचं नसणार."

आत गेलो. चटईवर बसलो. बाटली ठेवली.

"विद्यापीठात चटया नसतात वाटतं. मांडी घालता येत नाही?"

मी त्याच्या बुटांकडे बघत होतो. एका बुटाची नाडी दोरीची होती. मुठी मांडीखाली दाबून धरल्या.

"नोलुसापो मावशीनं पाठवलंय," मी म्हटलं. "ती म्हणते, मान वर गेली ती अपमान म्हणून नव्हे."

"ते मला त्याच वेळी कळलं. कुणी शिकवलं तिला तसं बघायला?"

"मी."

"छान शिकवलंस. इतकी रोखून बघत होती की मला वाटलं चष्म्याला डाग पडलाय."

म्हातारा हसला नाही. मलाही हसू दिलं नाही. बाटली उघडली, थोडी पूर्वजांच्या नावानं जमिनीवर ओतली, मग बोलला.

"सुनेला मी पास केलं तर लोक म्हणतील घरचीला घेतली. नापास केलं तर मी कसला ज्वारा? म्हणून उठलो. साहेबाला सांगितलं पोट बिघडलंय, शुक्रवारी दुसऱ्या कुणाला बसवू. लगेच हो म्हणाला. आपल्या चालीरीतींवर त्याचा विश्वास बसत नाही, पोटावर बसतो."

"मग बोलवा ना तिला, ताता!" माझी मान वर गेली. पटकन खाली आणली.

"मंगळवारीच ठरवलं होतं, शुक्रवारी बोलवायचं. बुधवारी तू आलास. आता बोलावलं की फाटकावरचा प्रत्येक जण म्हणणार, म्हातारा पोराच्या शिव्यांना भ्याला. उद्यापासून पोरं अर्जाऐवजी शिव्या घेऊन येतील माझ्याकडे."

डोक्यात घण पडत होते. उठावं, त्या खुराड्याला लाथ घालावी, कोंबड्या उधळाव्यात. हे सगळं नियम, टोप्या, बूट, पोट, यातलं एक तरी साधं सरळ बोलला असता हा साहेबाशी! पण मला दिसत होती ती सेंटानेची बस, आणि तिच्या खिडकीत मावशी, तोच शांत चेहरा.

"मी काय करू?" मी बुटांना विचारलं.

"जिथे बोललास तिथेच बोल. त्याच वेळेला. सोमवारी."

निघताना म्हणाला, "आणि ती गणिताची मास्तरीण म्हणे तुझी आहे. तिला माहीत आहे का?"

मेलो तरी हे कुणी पसरवलं ते शोधून काढणार आहे.

११ मे, सोमवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

पाळी बदलली. सगळे थांबले, म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं. मंगालिसो ताता फाटकाच्या आत उभा. मी बाहेर, टोपी हातात, नजर त्या दोरीच्या नाडीवर. म्हटलं, "ज्वारा, मी त्या दिवशी तुम्हाला कुत्रं म्हटलं. मी चुकलो. मला माफ करा."

"पुन्हा म्हण. लॉरी जात होती."

लोक हसले. पुन्हा म्हटलं. मागून कोणीतरी ओरडलं, "शेपटीचं राहिलं!" आणि मी शेपटीचंही म्हटलं. कानाच्या पाळ्या जळत होत्या. वांडिलेनं फोर्कलिफ्टचं इंजिन बंद केलं होतं, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. हलकट. वर टोपीही काढली होती, नाटकी.

म्हातारा म्हणाला, "ऐकलं." एवढंच. आणि वॉचमनला बोटानं पाटी दाखवली. वॉचमननं ती काढली.

मावशी कामावरून सुटणाऱ्यांच्या रांगेत होती. माझ्याजवळून जाताना तिनं मान खाली घातली. माझ्यासमोर! मुलाच्या वयाच्या पोरासमोर! सगळ्यांनी पाहिलं. मला तिथंच रडू आलं आणि त्याचाही राग आला.

१५ मे, शुक्रवार

मुलाखत झाली. या वेळी साहेबाशेजारी ऑफिसातली एक बाई होती. मावशी ग्विन्यांची पिशवी घेऊनच आली, तेव्हाच कळलं. जागा तिची! जूनमध्ये गणित सुटलं की कायम.

"दोघांच्याही डोळ्यांत बघितलं," मावशी म्हणाली. "अगदी तू सांगितलंस तसं. खिडकीबाहेर ताता उभे होते. टोपी घालून, माझ्याकडे पाठ करून."

ग्विन्या खाल्ल्या, सभागृहात वाटल्या. झिमासानं एक जास्तीची घेतली, वांडिलेसाठी ठेवते म्हणाली.

सगळे खूश आहेत. मी नाही. मी हिशोब करत बसलोय. मावशीला बघायला शिकावं लागलं. म्हाताऱ्याला पोटाचं खोटं बोलावं लागलं. मला फाटकावर नाक घासावं लागलं. त्या खोलीत एकच माणूस होता ज्याला काहीही शिकावं लागलं नाही, ज्याला अजून माहीतसुद्धा नाही की काही घडलं. तो साहेब खुर्चीत बसून होता. मी भुंकलो कोणावर? त्याच्यावर नाही. त्याच्यावर भुंकायचं मला सुचलंसुद्धा नाही.

याचा राग मी सोडणार नाही. कुणालाच सोडू देणार नाही.

२ जून, मंगळवार

गणिताचा पेपर. हायस्कूलच्या दारात मोठ्या माणसांची रांग, कामाच्या कपड्यांत. मावशीनं पेन्सिली डोक्याच्या फडक्यात खोचल्या होत्या.

तिच्या मागे हिरवं जाकीट. वांडिले. हातात कंपास, पट्टी, खोडरबर. मला बघितलं तसा शाळकरी पोरासारखा लाजला.

"कोणाला सांगू नकोस रे," म्हणाला. "पॅकहाऊसमध्ये वाटतं त्यांना माझं मॅट्रिक झालंय. तिनं एकटीनं शिकवलं मला, सगळे गेल्यावर. अपूर्णांकांनी जीव काढला बघ."

मी त्याला माझा पेन दिला. चांगला चालणारा. एवढंच सुचलं.

२० ऑगस्ट, गुरुवार

निकाल सभागृहाच्या दारावर लावले. मावशी पास. काठावर, पण पास. तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही, मागचे ओरडायला लागले, "ए मावशी, आमचं पण बघू दे!" दिराला तिनं फोनवर एवढंच सांगितलं: "नाताळात येईन. चार दिवस." मग फोन बंद करून मला दिला, धर म्हणाली, आणि पाठ करून उभी राहिली.

वांडिले नापास. थोडक्यानं. मला इतका संताप आला की मी दाराला लाथ घातली. या माणसानं दिवसभर फोर्कलिफ्ट चालवून शिकायचं आणि... वांडिलेच मला धरून बाजूला घेऊन गेला. "अरे, नापास मी झालोय," म्हणाला.

झिमासा आली. मे महिन्यापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. तिच्यासमोर माझी नजर आपोआप खाली गेली, आता ती सवयच लागलीय.

"जमिनीत काय शोधतोयस?" ती म्हणाली. "राग सांडला का कुठे?"

"नाही," मी म्हटलं. "आहे माझ्याकडे."

"मग जपून ठेव. पोर्ट एलिझाबेथला लागेल. फेब्रुवारीत पुन्हा प्रवेश देताहेत, मी विचारून घेतलंय. तो नक्कल करणारा मास्तर अजून तिथंच आहे म्हणे."

 ग्विन्या तळणारी बाई कढईवरून आमच्याकडेच बघत होती, कान टवकारून.

घरी आलो तर कपाटावरच्या धुळीत बॅगेएवढा स्वच्छ चौकोन. आईनं बॅग खाली उतरवली होती. उघडी होती, आणि आत इस्त्री केलेले दोन शर्ट.

"झिमासा सकाळी येऊन गेली," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी ओरडणार होतो. तोंडही उघडलं होतं. मग त्या बॅगेत तिसरा शर्ट ठेवला.